जेवलात का, म्हणून विचारणारा

सकाळी फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत मी ग्रुप झाडते. दारात पाणी शिंपडून कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालायचं काम आता कामवालीकडे गेलं आहे. माझ्याकडे झाडण्यासारखं उरलं ते फोनमधलं. रात्रभरात काय काय येऊन पडलेलं असतं! घरबसल्या कमाई, गुडघेदुखीवर तेल, कुणा अनोळखी बाईचा लाडिक फोटो आणि खाली निळी लिंक. 'सर्वांसाठी हटवा' दाबायचं, तो नंबर ग्रुपमधून काढायचा आणि पुढच्याकडे वळायचं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढी मन लावून घरातली जळमटं काढली असतीस तर!

ग्रुप आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांचा. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले आणि कावेरीकाठचेच झाले. उंबऱ्याबाहेर आम्ही तमिळ बोलतो, आत आमची मराठी. ती पुण्यात बोलून दाखवली की लोक हसतात, तुम्ही नाटकात काम करता का, असं विचारतात. ही जी मी लिहिते आहे ती मराठी मी पुस्तकं वाचून शिकले. आईची भाषा वेगळी होती. ती दिवसातून एकदा तरी कुणाच्या कानावर पडावी एवढ्यासाठी हा ग्रुप काढला. नियम एकच, आपल्या घरातलं बोलायचं. लिहिता येत नसेल तर आवाज पाठवायचा.

सुरुवातीला मजा आली. रसवांगीत, वांग्याच्या आमटीत, चिंच किती घालायची यावरून दोन घरांचं इतकं वाजलं की लग्नात एकमेकांकडे पाहीनात. मग मुलं चेन्नईला, बंगळुरूला आणि त्याही पलीकडे पांगली. उरले वाढदिवसाचे केक आणि जोडलेले हात. तेवढ्यात एका उत्साही गृहस्थांनी ग्रुपची लिंक इंटरनेटवरच्या एका उघड्या पानावर चिकटवली. आपले लोक सापडतील, म्हणाले. आपले लोक सापडले नाहीत. आम्ही मात्र सगळ्या जगाला सापडलो.

या सगळ्यात नेमाने बोलणारे एकटे माझे मामा. आईचे धाकटे भाऊ, कॉलेजात गणित शिकवलेले. मामी गेल्यापासून जवळच्या तिरुनागेश्वरमला एकटेच असतात. रोज दुपारी जेवण झालं की त्यांचा आवाज ग्रुपवर यायचा. आज काय केलं, मीठ कसं कमी पडलं, देवळासमोरच्या माणसाने आज कोवळी वांगी दिली. आईच्याच हेलात, तिच्यासारखंच शब्दाच्या शेवटी जरा थांबून. मला ते ऐकून भरून यायचं आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. बाकीचे तर ऐकतही नसावेत. कुणी अंगठा दाखवायचं, कुणी फूल.

मग एक दिवस कचरा मराठीत आला.

'नमस्कार. आपण कसे आहात? आपले जेवण झाले का?' स्वच्छ, इस्त्री केलेली मराठी. नंबर परदेशातला, फोटोत टाय लावलेला तरुण. त्या दिवशी माझ्याकडे पाहुणे होते, झाडू संध्याकाळी फिरला. तोवर मामांनी उत्तर दिलं होतं. एक नाही, चार आवाज. जेवलों, म्हणाले. काय जेवलो ते सांगितलं, ते कसं करतात ते सांगितलं, मामीच्या हातचं कसं असे ते सांगितलं, आणि शेवटी विचारलं, तुमचा गांव कोणता, तुम्ही जेवलांत की?

'खूप छान! आपल्याशी बोलून आनंद झाला,' असं उत्तर आलं होतं. खाली लिंक.

मी लिंक पुसली, नंबर काढला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुसऱ्या नंबरावरून. मामा पुन्हा हजर. मी काढत गेले, ते नवे येत गेले आणि मामा प्रत्येकाला जेवणाची हकिगत सांगत गेले. त्यांचा आवाजही बदलला होता. मामी गेल्यापासून तो खाली बसल्यासारखा झाला होता, आता त्यात हसू यायला लागलं होतं. उद्या हे लिंक दाबतील, परवा पेन्शन जाईल. रविवारी बस पकडून मी तिरुनागेश्वरम गाठलं.

मामा बाहेर तिण्णैवर, ओट्यावर, बसले होते. फोन मांडीवर. मी बसल्या बसल्या तोंड सोडलं. तो माणूस फसवणारा आहे, त्याला काही विकायचं आहे, त्याच्याशी कशाला बोलता?

मामा शांतपणे म्हणाले, "मज कळेना असें वाटतें काये? तो विकणारा, मज ठाव आहे. त्याचें तें निळें मी दाबीत नाहीं. सुम्मा, उगीच, विकूं दे. दारीं वांगीं घेऊन येतो तोही विकणाराच नी? पण विचारतो, जेवलों की नाहीं म्हणून. तुम्हीं अस्के, सगळे, कोण विचारतां?"

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. म्हणून जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हटलं, मामा, तो विकणाराही नाही. तिथे माणूसच नाही. यंत्र आहे. हजारो लोकांना एकाच वेळी तोच प्रश्न टाकतं आणि कुणी काही म्हटलं की 'खूप छान' म्हणतं. तुमचा आवाज कुणी ऐकलेलाच नाही.

मामांनी फोनकडे पाहिलं. मग उलटा करून बाजूला ठेवला, जेवण झाल्यावर पान सरकवतात तसा.

"मग मी सांगितलें तें अस्कें," ते म्हणाले, "कोण ऐकिलें?"

रस्त्यावरून दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या जात होत्या. मी ऐकलं, असं मी म्हणू शकले असते आणि ते खरंही होतं. पण ऐकून काय केलं होतं मी? त्याऐवजी मी त्यांना समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मामा, एक धरून ठेवा. फोनवर कुणी 'जेवलात का' म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. बरें, म्हणाले. मला कॉफी करून दिली. काय स्वयंपाक केला ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी ग्रुपचं दार घट्ट लावून घेतलं. नवीन येणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या बोलीत दोन वाक्यं बोलून पाठवायची, मगच आत घ्यायचं. उपाय अगदी रामबाण निघाला. तेल, कमाई, लाडिक बाई, सगळं बंद. त्यानंतर आत कुणीच आलं नाही. आमच्या घरांतली मुलंही नाहीत, कारण त्यांना दोन वाक्यं येत नाहीत. एका पोरीने इंग्रजीत विनवणी केली, आजीचा आवाज ऐकायचा आहे म्हणून. तिला मी नियम मोडून घेतलं आणि आजीचा जुना आवाज पुन्हा ग्रुपवर टाकला. तिने ऐकलं, एक फूल टाकलं आणि गेली.

सकाळी आता झाडायला काही नसतं. डिकॉक्शन उतरेपर्यंत मी रिकाम्या ग्रुपकडे बघत बसते. इतका स्वच्छ ग्रुप मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मामांचा आवाज त्या रविवारपासून आलेला नाही. फोन केला तर बोलतात, विचारलं तेवढंच. बरा आहें. ऊन आहे. ठेवतों.

काल दुपारी मला राहवलं नाही. साधारण त्यांची जेवणाची वेळ होऊन गेल्यावर मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, आईच्या भाषेत लिहिलं, 'मामा, जेवलांत की?'

थोड्या वेळाने वाचलेल्यांच्या यादीत मामांचं नाव दिसलं. मी फोन हातात धरून बसले, कॉफीची वेळ झाली, दिवेलागण झाली. मामांनी उत्तर दिलं नाही. मीच तसं शिकवलं होतं.