ठोक्या आणि गोदामातली पिंपं

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ठोक्या म्हणतात. कलिंगड असो, भिंत असो, नवंकोरं कपाट असो, बोटाच्या पेरानं ठोकून बघितल्याशिवाय स्वारीला चैन पडत नाही. काम कंपन्यांचे हिशेब तपासायचं, तेही तसंच ठोकून. त्यापायीच त्याची नोकरी गेली आणि आठवलं की माझं डोकं अजून फिरतं!

एका तेलाच्या कंपनीत तो माल बघायला गेला होता. पुढच्या रांगेतली पिंपं ठोकली, भरलेली. मागची ठोकली तर ठण्ण! मॅनेजर म्हणतो, "दाट तेल असंच वाजतं." ऐका! ठोक्यानं झाकणं उघडायला लावली. आत तेलाचा थेंब नाही, कोळ्यांची जाळी.

ऑफिसात येऊन त्यानं मोठ्या साहेबांना सांगितलं. अहवालावर मत देऊन सही करायची ती साहेबांनी. ते म्हणाले, "लिही, गोदाम सोडून बाकी हिशेब ठीक."

"साहेब, सगळा माल गोदामातच. ते सोडलं तर उरतं काय? खुर्च्या?"

"मग लिही, पुरावा मिळाला नाही, म्हणून मत देता येत नाही."

"पण मी बघितलंय. हिशेब खरे नाहीत, एवढंच लिहिता येईल."

साहेबांनी त्याला घरी बसवलं आणि स्वतः बिनदिक्कत सही केली: सगळं चोख! त्या सहीवर विसंबून आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी आयुष्याची पुंजी कंपनीत घातली. वर्षभरात कंपनी बुडाली, चौकशी लागली.

आणि मग तोंड वर करून साहेब आमच्या दारात! "चौकशीवाल्यांना एवढं लिहून दे, गोदामाला कुलूप होतं, तुला आत जाता आलं नाही. उद्यापासून कामावर ये." चोर तो चोर, वर शिरजोर!

माझा जीव टांगणीला लागला. घरात दोन पोरं, आणि चूल पेटत होती ती भावजयीच्या शिलाई मशीनवर. ठोक्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मशीन थांबवलं.

"अहो, सांगा ना त्यांना," ती म्हणाली, "झाकणं तुम्हीच उघडायला लावलीत म्हणून."

साहेबांसाठी आणलेला चहा मी तसाच आत नेला.

ठोक्याला अजून कुणी कामावर घेत नाही. साहेबांनी मात्र परवाच ऑफिसच्या दारावरची पाटी नव्यानं रंगवून घेतली.