करडीच्या तेलाचा ब्रेक

बापू गेल्याचं मला जिंतूरच्या बसस्टँडवर कळलं. सेलूच्या बसमधून उतरलेल्या कंडक्टरनं सहज सांगावं तसं सांगितलं, "मोटारवाले बापूराव गेले की हो, पहाटं. छातीत कळ आली म्हणायलेत." मला ठाऊकच असेल अशी त्याची समजूत, बापूचा मित्र म्हटलं की गावात पहिलं नाव माझं निघायचं. मी "हां" म्हणालो आणि बाकावर बसून राहिलो. रडू आलं नाही, आधी राग आला... आमचं एक बोलणं अर्धंच राहिलं होतं, आणि हा गडी ते तसंच टाकून निघून गेला. याला आता महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. मला तो पाळता येईलसं वाटत नाही.

पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या एका जहागीरदाराची मोटार आम्ही दोघांनी मिळून घेतली. सेलू स्टेशनवरून जिंतूरला सवाऱ्या आणायच्या, लग्नसराईत वऱ्हाडं. मोटार दोघांची, पण जीव तिच्यावर बापूचा. नवरदेवालासुद्धा तो चपला झटकून आत बसवायचा. "माझ्यापरीस मोटारीशी जास्ती बोलतेत," वहिनी म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं. बापूला बहीण नव्हती. माझी धाकटी बहीण वच्छी भाऊबीजेला दोन पाट मांडायची, एक मला, एक त्याला. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं तेव्हा बापूच म्हणाला, "तिला बसनं कशाला? आपल्या मोटारीतून आणू."

आणायच्या दिवशी सकाळी मात्र त्यानं कंबर धरली. "लय कळा मारायल्यात. तूच जा, दिगू," म्हणाला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी गेलो, सेलूला वच्छीला आगगाडीतून उतरवून घेतलं, मागं गादी घालून बसवलं. परतताना वाटेत एका उतारानंतर फोडणीचा वास यायला लागला. "दादा, कुणाकडं वांगी शिजायलीत?" वच्छी हसली. चहूकडं नुसती कपाशीची पऱ्हाटी, घर कुठलं असणार? पुढच्या ओढ्याच्या उतारावर धनगराची मेंढरं चढून येत होती. ब्रेकवर पाय ठेवला तो सरळ तळाला जाऊन टेकला. पुन्हा दाबला, तेच. हातब्रेक नुसता खडखडला. मी मोटार वळवून पऱ्हाटीच्या रानात घातली आणि काळ्या मातीनं चाकं धरली म्हणून आम्ही थांबलो. धनगरीण काठी घेऊन धावत आली. "डोळे फुटले का रं मुडद्या? पोटुशी बाई हाय गाडीत, दिसंना का?" मी मागं वळून बघितलं. वच्छी पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "हाय... हलायलंय."

मोटार बैल लावून घरी आणली. डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओली दिसली म्हणून ड्रम काढला. आतलं वाटीसारखं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टरारून फुगलं होतं आणि त्याच्या कडेनं तेल झिरपून तापणाऱ्या ड्रमवर जात होतं. ब्रेकच्या तेलाला स्पिरिटचा वास असतो. मी बोट नाकाशी नेलं, तर करडी! ब्रेकच्या पावटीखालच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, तिथंही करडी. बापूच्या मामाचा घाणा होता. करडीचे डबे त्याच्या घरी वर्षभर भरलेले. परभणीच्या मिस्त्रीनं कधीतरी सांगितलं होतं, सामान मिळालं नाही तर एरंडेलात स्पिरिट मिसळून घालतात. त्यातलं यानं एवढंच उचललं, की तेल चालतं. "तेल म्हंजे तेल, म्या म्हणलं," बापू शेजारी उभा राहून पुटपुटला. त्या चुकीबद्दल मी त्याला एक शब्द बोललो नाही. कुणी शिकवलं होतं आम्हाला?

परभणीहून नवी रबरं आणली, सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, खरं तेल भरलं. उरली नळीतली हवा काढायची. हे काम एकट्याचं नाही. बापू वर बसून पावटी दाबणार, मी खाली निजून चाकामागचा स्क्रू सैल करणार, हवेचे बुडबुडे निघून जाणार, मी स्क्रू आवळेपर्यंत त्यानं पाय हलवायचा नाही. "दाब... धर... सोड." तीन चाकं नीट झाली. चौथ्याला स्क्रू सैल असतानाच मी खालून विचारलं, "बापू, ब्रेक खाली जायलाय, हे तुला आधी ठाव होतं का?"

त्याचा पाय उचलला गेला. नळीनं सूंऽ करून हवा आत ओढून घेतली. मला उत्तर मिळालं.

मी बाहेर आलो. तो खाली बघत म्हणाला, "दोन दिवसांपास्नं. सांगितलं असतं तर तू मोटार इकून टाकली असतीस."

"आन् वच्छी?"

"तू लय सावकाश चालवतूस... काही व्हायचं न्हाई, वाटलं."

ते चाक मात्र आम्ही पूर्ण केलं. त्या दिवसापासून मी मोटारीतून अंग काढून घेतलं. तोडून मात्र टाकलं नाही, ते वच्छीसाठी. मुलगी सुखरूप झाली, आणि आपल्या या भावानं काय केलं हे तिला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. दर भाऊबीजेला मी त्याच्या शेजारच्या पाटावर बसलो. ती त्याला ओवाळायची, तेव्हा मी ताटाकडं बघत राहायचो. एक दिवस तो स्वतःहून विषय काढेल, "दिगू, चुकलो" म्हणेल, याची मी वाट बघत होतो. भोळा मी.

तेराव्याला वच्छी हमसून रडत होती. मला सहन होईना. मागच्या दारी नेऊन म्हणालो, "एवढं रडू नको त्याच्यासाठी. तुला ठाव न्हाई काही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "ब्रेकचं म्हणतोस? ठाव हाय की. बारशाला आला तवाच पाय धरले माझे. रडला लय. म्या म्हणलं, जाऊ दे, बापूदादा."

"आन् मला?"

"दादाला सांगू नको म्हणला. त्याच्यापुढं तोंड उचलंना म्हणला."

इतकी वर्षं मी जे तिच्यापासून जपलं, ते ती दोघं मिळून माझ्यापासून जपत होती. आत पंगत बसली होती, मला हाका मारत होते. मी मागच्या दारानं निघून आलो. माफी त्यानं मागितली होती, मिळालीही होती... फक्त जिथं मागायची तिथं सोडून.