आधी लोखंड, मग आई

आज दुपारी आईला भरवून झाल्यावर तिच्या कॉटच्या दांडीला डोकं टेकलं आणि तिथेच डोळा लागला. जाग आली ती गालाशी असलेल्या गार लोखंडाच्या वासाने.

हा वास यावलकडच्या आमच्या केळीच्या मळ्यातला. विहिरीपासून पार शेवटच्या वाफ्यापर्यंत लोखंडी पाइप गेलेला. मी मोटरजवळ पाइपला कान लावून बसायचे. आत पाणी घुमायचं. तिकडे वाफा भरला की आई पाइपवर दगड हाणायची आणि ओरडायची, "बंद कर व मोटर!" दगडाचा टण्ण आवाज लगेच कानात शिरायचा. हाक मात्र केळीच्या पानांवरून रमतगमत, जरा वेळाने यायची.

एकदा मी चिडून विचारलं, "आधी ठोकते, मग ओरडते. दोन्ही एकदम का नाही करत?"

पायांचा चिखल धूत ती म्हणाली, "दोन्ही संगच त करते मी! तुह्या कानाले काय झालं?"

लोखंडातून आवाज हवेतल्यापेक्षा कितीतरी वेगाने धावतो, हे पुढे शाळेत कळलं. ती किती दमायची, हे कळायला मात्र माझं आताचं वय यावं लागलं.

लकवा मारल्यापासून आईची वाचा गेली आहे. काही हवं असलं की ती हातातली बांगडी कॉटवर आपटते. आत्ताही दांडीतून तोच टण्ण आवाज आला. मला उठवत नव्हतं. डोळे मिटून मी तशीच पडून राहिले, मागून हाक येईल म्हणून.