मामांचं पिंप

कोकणात थंडी पडते यावर मनापासून विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ऐंशी सालानंतर लवकरच बोटीवरची नोकरी सोडून ते सावर्ड्याच्या आतल्या बाजूला आपल्या गावी आले. आम्ही उकाड्याच्या नावाने बोटं मोडत असायचो आणि मामा कानटोपी घालून मिरचीच्या वाफ्यात उभे. शेजारी बांबूला थर्मामीटर टांगलेला. पऱ्याकाठचं, म्हणजे ओढ्याकाठचं, ते शेत खोलगट, त्यामुळे भात कापून लावलेली मिरची पौषात आखडायची हे मात्र खरं. पानं मुरडायची, फुलं गळायची. बाकीचे 'चालायचंच' म्हणून गप्प बसत. मामांना रोपांची हुडहुडी बघवत नसे. पानाला उलटा हात लावून, "अंग गार पडलंय हो पोरीचं," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की मीही डॉक्टरासारखं तोंड करून मान हलवायचो.

उपाय त्यांनी परमुलखातून आणला होता. कुठल्याशा गारठ्याच्या बंदरात लोक समुद्राचं शेवाळ शेतात घालताना त्यांनी पाहिले होते. झालं, दर कार्तिकात मामा मुरुडच्या किनाऱ्यावरून पोतंभर शेवाळ घेऊन एसटीने येऊ लागले. एकदा कंडक्टर म्हणाला, "काका, मासळी टपावर टाका." मामा म्हणाले, "मासळी नाय, औषध हाय." तरी पोतं टपावर गेलंच, तेव्हा "त्याला ऊन लागंल," म्हणत मामाही शिडी चढू लागले. शेवटी उतारूंनीच नाकं दाबून दोघांना आत घेतलं.

घरी आल्यावर खारटपणा जाईपर्यंत शेवाळ गोड्या पाण्यात धुवायचं, पिंपात भिजत घालायचं आणि रोज सकाळी बांबूने ढवळायचं. महिन्याने जुन्या धोतरातून गाळलेलं ते काळसर पाणी, बादलीला एक पेला या बेताने, आंब्याच्या डहाळीने मामा रोपांवर तीर्थासारखं शिंपडत. तेही थंडी पडायच्या आधी. "आजार आल्यावर जेवून काय उपेग?" असं त्यांचं म्हणणं. वासाचं काय सांगावं! मामींनी नाकाला पदर लावून ते पिंप मागे सारत सारत पार गोठ्यामागे नेलं. म्हशीने तक्रार केली असती तर ते आणखी मागे गेलं असतं.

मामांची मिरची मात्र पौषभर टवटवीत राहायची. गाव नावाजायचं, पण मामांचं तेवढ्याने भागत नसे. औषध लागू पडलं, हे त्यांना एकदा मामींच्या तोंडून ऐकायचं होतं. मामी "असंल," म्हणून आत जायच्या.

मी जवळच्याच गावात शाळामास्तर. एका वर्षी मीही बाटलीभर पाणी नेऊन परसातल्या निम्म्या मिरचीवर शिंपडलं. गारठ्यात ती रोपं थोडी कोमेजली, पण त्यांनी फुलं धरून ठेवली. उरलेली निम्मी आखडून बसली. मामा हरखले. मी म्हटलं, "मामींना सांगतो."

"नको, जावईबापू. तुमच्या भिडेनं म्हणंल. तिचं तिला वाटू दे."

ते मामींना वाटायच्या आधीच मामा गेले. दिवसांना गेलो तेव्हा मामी गोठ्यापाशी उभ्या होत्या.

"आता सांगत्ये," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला ते देवळात गेले की मी रोपांवर पेंढा घालायची, पहाटे ते उठायच्या आधी काढायची. एवढी हौस मोडली तर परत बोटीवर जातील, असं भ्याव वाटायचं. मिरची जगली ती पेंढ्यानं. मग खोटं कसं म्हणू, औषध लागू पडलं?"

मला राहवलं नाही. "मामी, माझ्या परसात कुणी पेंढा घातला नव्हता," म्हणून मी सगळं सांगितलं. इतकी वर्षं गप्प बसल्याबद्दल मला स्वतःचाच फार राग आला.

मामी गोठ्यामागे गेल्या. मग त्यांनी पिंपाचं झाकण काढलं आणि बांबूने पाणी ढवळलं. या खेपेला नाकाला पदर लावला नाही.

"लागू पडलं हो तुमचं औषध," त्या पिंपाकडे बघून म्हणाल्या.