भंडाऱ्याच्या वाटीतली काळी भुकटी

माझ्या पहिल्या नोकरीत मला रोज सकाळी महाराष्ट्र पुसावा लागायचा.

पुण्यात विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रदर्शनांसाठी मॉडेल बनवायचं काम चाले. तिथे त्या वेळी आमच्या राज्याचा अठरा फूट लांबीचा नकाशा तयार होत होता. फायबरचा, डोंगर उठावाचे, नद्या निळ्या, धरणांत काच. शेडमध्ये धूळ फार. मी चपला काढून नकाशाच्या कडेच्या फळीवर चढायची, आधी कोकण ओल्या फडक्यानं, मग सह्याद्री दात घासायच्या ब्रशनं, मग गुडघ्यांवर सरकत सरकत विदर्भ. भंडारा सगळ्यात शेवटी. तिथे पोचेपर्यंत मला उगाचच हसू यायला लागायचं. नारायण पेठेतल्या खोलीवरून दोन बस बदलून यायचं आणि सगळं राज्य ओलांडून आपल्या तालुक्यापर्यंत जायचं, आणि याचा आपल्याला पगार मिळणार, हे मला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत भूगोलाच्या पेपरात 'राज्यातील खनिज संपत्ती' असा प्रश्न आला, तेव्हा मी बाबांची कामावर जायची वाट लिहून काढली होती. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. शिक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे भूगोल घेऊनच पदवी झाली, आणि त्या पदवीच्या बळावर मी या शेडमध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर लागले. तीन महिन्यांनी ठेवायचं की नाही ते सर ठरवणार होते. नाही ठेवलं तर सामान बांधून घरी, हे मी आणि बाबांनी आधीच ठरवलेलं होतं.

सर म्हणजे शेडचे मालक. सदाशिव पेठेतले, साठीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून धुळीत वावरणारे. ते कोणावर ओरडत नसत. अतिशय नम्रपणे बोलत, आणि ऐकणाऱ्याला दुपारी जेवण जात नसे.

नकाशा एका उद्योग-प्रदर्शनासाठी होता. राज्यात जमिनीखाली काय आहे, जमिनीवर काय पिकतं आणि त्यातून कोणते कारखाने निघू शकतील, हे लोकांना उभ्या उभ्या कळावं, अशी कल्पना. सरांच्या डोक्यात आलं की नुसते दिवे लावण्यापेक्षा जिथे जे सापडतं तिथे ते काचेच्या वाटीत ठेवावं. चंद्रपूरवर कोळसा, गडचिरोलीवर लोहखनिज, कोल्हापूरवर बॉक्साइट, यवतमाळवर चुनखडी. त्यांनी यादी वाचली आणि भंडाऱ्यापाशी थांबून विचारलं, की मँगनीज कुठून आणायचं. मी हात वर केला. वर्गात करतात तसा. म्हटलं, माझे बाबा पाठवतील, कोबीच्या गड्ड्याएवढे दगड असतात आमच्याकडे, पोलादासारखे चमकतात.

सर म्हणाले, "वा. मग ती वाटी तुमची. आणि अहो, दगड आला नाही, तर तुम्हीही यायची तसदी घेऊ नका."

सगळे हसले. मीही हसले. पण सर गमतीत काय बोलतात आणि खरं काय बोलतात, यातला फरक शेडमध्ये अजून कोणाला सापडलेला नव्हता.

त्या रात्री बाबांना फोन करून मी नीट समजावून सांगितलं. मोठे, चमकणारे, पाच दगड. निवडून. बाबा नुसतं हो हो म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या बाबांनी सगळं आयुष्य खाणीतल्या तपासणीच्या कामात घालवलं. मालाच्या ढिगात धातू किती आहे ते प्रयोगशाळेत ठरतं, पण प्रयोगशाळेत जाते मूठभर भुकटी. ती मूठ सगळ्या ढिगाची खरी प्रतिनिधी असावी, याची जबाबदारी बाबांच्या टोळीवर. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी माल घ्यायचा, फोडायचा, पत्र्यावर शंकूसारखा ओतायचा, वरून थापटून सपाट करायचा, फावड्यानं क्रॉस मारून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन फेकायचे, दोन ठेवायचे. पुन्हा फोडायचं, पुन्हा शंकू, पुन्हा चार भाग. मूठभर उरेपर्यंत. चांगला दिसला म्हणून एक खडा उचलून टाकायचा नाही आणि वाईट दिसला म्हणून काढायचा नाही. आमच्या घरात तांदूळ निवडायलासुद्धा आई बाबांना बसवत नसे, त्यांचा हात खड्याकडे जातच नसे.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले असताना ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल आलं. मी पोतं उचलायच्या तयारीनं गेले होते, कमरेला ओढणी बांधून. ड्रायव्हरनं माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. वर आईचा चिवडा, खाली कापडाची पिशवी, पिशवीत किलोभर काळी भुकटी. सोबत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: खाणीच्या साहेबांना अर्ज देऊन परवानगी घेतली आहे, माल चालू ढिगाचा आहे, सहा वेळा चार भाग केले आहेत. खाली सही.

मी तिथेच फुटपाथवर बसून चिवडा खायला लागले आणि हसत सुटले. हसता हसता लक्षात आलं की नोकरी गेली.

सरांना सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं फक्त रंगारीकाकांना. ते शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, धानोरीचे मूळ गावकरी, पूर्वी शेती, आता शेतावर इमारती आणि हातात ब्रश. त्यांनी चिमटीत भुकटी घेतली, बोट काळं झालं ते पाहिलं आणि विचारलं, "ताई, लोकांनी बघायचाय ना दगड? का खायचाय?"

शेडच्या मागे नव्या इमारतीचा पाया खणत होते. तिथून काकांनी काळ्या कातळाचा एक ठोकळा आणला, धुतला, त्यावर काळा रंग, मग करडा, मग कोरड्या ब्रशनं चांदीचा नुसता भास. दोन तासांत असा दगड तयार झाला की मी जन्मभर मँगनीज बघूनही त्याच्या प्रेमात पडले. दिव्याखाली तो जिवंत वाटत होता. मी त्याच्याभोवती दोनदा फिरले. काकांना म्हटलं, खाणीतसुद्धा इतका सुंदर निघत नाही. काका म्हणाले, खाणीला कुठं रंगारी हाय. सरांनी तो दगड बघितला, चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "छान." त्या एका शब्दावर मी संध्याकाळच्या बसमध्ये उभ्यानं विश्रांतवाडी ते नारायण पेठ तरंगत गेले.

त्याच रात्री बाबांचा फोन आला. ते निघाले होते. गाडीत बसले होते. मुलीनं नकाशात भंडारा मांडलाय, तो बघायला.

सकाळी ते स्टेशनवरच तोंड धुऊन, पांढरा सदरा घालून थेट प्रदर्शनाच्या मंडपात आले. उद्घाटनाला तासभर होता. मी त्यांची सरांशी ओळख करून दिली, सरांनी वाकून नमस्कार केला, आणि पाहुण्यांचे फेटे आले की नाही ते बघायला गेले. बाबा नकाशाभोवती हळूहळू फिरले. गोदावरीला बोट लावून पाहिलं. माझ्याकडे पाहून हसले. मग आमच्या कोपऱ्याशी आले, दगड वाटीतून उचलला आणि लगेच परत ठेवला. मँगनीज हाताला फार जड लागतं. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं तेच उचललं, त्याला डोळे उघडायचीही गरज नाही.

मला वाटलं, रागावतील. ते हळू आवाजात म्हणाले, "हा आपला नोहोय बेटा. पन तुई नोकरी हाये. मी काई बोलत नाई."

चालत चालत नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि कोकणाशी जाऊन उभे राहिले. आठशे किलोमीटर प्रवास करून आपला जिल्हा बघायला आलेला माणूस, पाठ भंडाऱ्याकडे करून रत्नागिरीचा किनारा बघत होता.

ते मला सहन झालं नाही. सर फेट्यांचा घोळ निस्तरून परत आले तशी मी त्यांच्यासमोर गेले आणि एका दमात सांगून टाकलं. दगड पुण्याचा आहे. रंगवलेला आहे. खरा माल डब्यात आहे, पण भुकटी आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग दगडाकडे. मी मनात गादी गुंडाळली, पुस्तकं बांधली. तेवढ्यात मागून रंगारीकाकांचा आवाज आला. त्यांना वाटलं असावं, पोरीनं एकटीनं बोलणी कशाला खायची.

"सर, मग कोळशाचंबी सांगून टाकतो. तो इस्त्रीवाल्याकडचा हाय."

"चंद्रपूरचा कोळसा?"

"आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला."

सरांनी चष्मा काढला. "बॉक्साइट?"

"टेकडीवरचा मुरूम. चाळून घेतलाय."

"आणि चुनखडी?"

काकांनी जरा विचार केला. म्हणाले, खडू आहेत, पण शाळेतले नाहीत, चांगले आणलेत.

मला हसू आवरेना. ज्या क्षणी नोकरी जाणार त्या क्षणी ओठ चावून उभी होते आणि खांदे हलत होते. लाइट लावणारी दोन मुलंही तोंड फिरवून उभी. कोणीतरी विचारलं, मग गडचिरोलीचं लोहखनिज तरी? सर ताठ झाले.

"ते मी आणलंय," ते म्हणाले. "भोसरीच्या फाउंड्रीतून. त्यावर चर्चा नको."

बाबा कोकणावरून इकडे आले होते. त्यांनी लोहखनिजाचा तुकडा नुसता पाहिला आणि भट्टीत लोखंड वितळल्यावर उरलेली मळी आहे हे ओळखून नजर खाली घातली. सरांनी ते ओळखणं ओळखलं. मग मी आयुष्यात कधी विसरणार नाही असं झालं. सर हसायला लागले. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, उठावाच्या सह्याद्रीला धरून.

उद्घाटनाला वीस मिनिटं उरली होती. सरांनी भंडारा सोडून बाकीच्या सगळ्या वाट्या उचलायला लावल्या. रंगवलेला दगड स्वतःच्या हातानं नेऊन पुण्यावर ठेवला. "पुण्याचा आहे, पुण्यात राहू दे. रंग लावून बसणं जमेल त्याला." मग डब्यातली भुकटी भंडाऱ्याच्या वाटीत ओतली, बाबांची चिठ्ठी शेजारी टाचली, आणि मोकळ्या झालेल्या राज्यासाठी आपल्या सुवाच्य अक्षरात एक कार्ड लिहिलं: 'इतर नमुने खरे मिळाल्यावर ठेवले जातील. घाई असल्यास स्वतः आणून द्यावेत.'

पाहुणे आले, फीत कापली. नंतर दिवसभर अठरा फूट नकाशाच्या एका कोपऱ्यात गर्दी, बाकी राज्य मोकळं. लोक कार्ड वाचून हसत आणि मग त्या एकाच वाटीपाशी येऊन थांबत. भोसरीहून आलेले एक कारखानदार बाबांना विचारत होते की हा माल चांगल्यातला का हलक्यातला. बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, भुकटी शंकूसारखी ओतली, थापटली, पोस्टकार्डानं चार भाग केले आणि दोन बाजूला सारले. लोक मोबाइल वर धरून बघत होते. "येचून घेतलेला गोटा खोटं बोलते साहेब," बाबा म्हणाले. "तुमी त्याच्या भरोशावर भट्टी लावान, अन् मंग ढीग पाहून डोक्याले हात लावान. हा ढीग हाये. जसा हाये तसा." कारखानदारांनी चिठ्ठीचा फोटो काढला आणि खाणीचा पत्ता विचारला. बाबांनी तो सावकाश, अक्षर अक्षर सांगितला. मी बाजूला उभी राहून पोलादात मँगनीज का लागतं ते कोणालातरी सांगत होते, आणि माझाच आवाज मला चढल्यासारखा ऐकू येत होता.

संध्याकाळी मंडप रिकामा झाल्यावर मी सरांपुढे उभी राहिले. विचारायचं काही नव्हतं, ऐकायचं होतं.

ते म्हणाले, दगड रंगवलात हे चूक. सांगितलंत हे उशिरा. एवढं बोलून ते खुर्च्या मोजायला लागले. मी जायला वळले.

"अहो, कुठे निघालात? सोमवारी चंद्रपूरचं तिकीट काढा. मग यवतमाळ, गडचिरोली, कोल्हापूर. जिथून जे आणाल ते तुमच्या वडिलांनी सांगितलेल्या पद्धतीनं, आणि प्रत्येकाची चिठ्ठी. वर्षभर पुरेल एवढं राज्य आहे."

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. मंडपाच्या दारात बाबा रंगारीकाकांना आईचा उरलेला चिवडा खायला घालत होते. त्यांना सांगायला मी पळत सुटले, आणि मधल्या केबलला अडखळून दोघांच्या पुढ्यातच पडले. बाबांनी आधी डबा सावरला, मग मला.