अडलेला गिअर आणि पटलेंचं धान

आमच्या घरात गाडीतलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी आहे. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे.

पाटबंधारे खात्यातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालो आणि ऑटोमॅटिक गाडी घेतली. तेव्हापासून बालाघाटात जो भेटेल त्याला मी क्लच नसण्याचे फायदे सांगत असे. (लोक मला पाहून रस्ता बदलत. मला वाटे, घाईत असतील.)

त्या सकाळी किरनापूरला बायकोच्या भाचीचं साक्षगंध होतं. नवऱ्या मुलाची अंगठी आमच्याजवळ, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत तिकडे सगळेच ताटकळणार. कुंदा नवी साडी सावरत पुढे बसली, तिचा भाऊ दिलीप मागे. मी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, ब्रेकवर पाय दिला आणि गिअरचा दांडा ओढला. दांडा पार्किंगच्या 'पी'वर होता. तो तिथेच राहिला.

"काय झालं?" कुंदानं विचारलं.

"काही नाही. गरम होऊन राह्यली."

"गाडी का तुमी?"

मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. गिअर पडत नसेल तर ऑइल पाहा, फ्यूज पाहा, ब्रेक पूर्ण दबतो का पाहा, असं त्यातला माणूस म्हणाला. तिसरी सूचना मी सोडून दिली. ब्रेक दाबता येत नाही असा माणूस गाडी घेईलच कशाला?

बॉनेट उघडून मी एक काडी उपसली, वास घेतला आणि म्हणालो, "ऑइल ठीक हाय."

"भाऊजी, हे इंजनचं ऑइल हाय," दिलीप म्हणाला. "गिअरचं अलग असते."

"आत जाऊन सगळं एकच होते."

गल्लीच्या उतारावर खाली शेजारी पटले धान वाळवत होते. ढीग सोडून ते वर आले. "बाबूजी, धक्का मारूं क्या?"

"ऑटोमॅटिक को धक्का नहीं मारते," मी म्हणालो. नोकरीत शेतकऱ्यांना 'उद्या या' सांगताना लावायचो, तोच आवाज लावला. पटलेंनी तो ओळखला असावा. निमूट खाली गेले.

मग मी गोंदियाच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, "सर, ब्रेक पूरा दब रहा है? ज़रा पैर के नीचे देख लीजिए."

"मैडम, मैं बच्चा नहीं हूँ," असं म्हणून मी फोन ठेवला.

तेवढ्यात किरनापूरहून फोन आला. "हौ, निघालो ना," कुंदा म्हणाली. "रस्त्यातच हाओ." गाडी आमच्या दारात उभी होती.

आता शेवटचा उपाय. दांड्याजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखाली स्क्रूड्रायव्हर, म्हणजे आमचा पेचकस, दाबला की गिअरचं कुलूप सुटतं. व्हिडिओवाल्यानं यापुढेही काहीतरी सांगितलं होतं, पण तोवर मी पेचकस आणायला उठलो होतो.

"पण ते कुलूप ठेवलं काहून असते?" कुंदानं विचारलं.

"लोकायले तरास द्याले," मी म्हणालो आणि दाबलं. खट्! दांडा न्यूट्रलच्या 'एन'वर आला. "पाह्य, सुटलं का नाही?"

सुटलं होतं. गाडीपण सुटली होती.

"ब्रेक मारा ना," कुंदा ओरडली.

"मारूनच राह्यलो."

"मग थांबून काहून नाही राह्यली?"

प्रश्न तांत्रिक होता. पटलेंनी आम्हाला येताना पाहिलं, फावडं टाकलं आणि बाजूला झाले. गाडी कुठलीही घाई न करता त्यांच्या धानाच्या ढिगात शिरली आणि थांबली. हँडब्रेक नावाची एक वस्तू गाडीत असते, हे मला त्यानंतर आठवलं.

दिलीपनं उतरून माझ्या पायाशी हात घातला आणि ब्रेकच्या खालून स्टीलचा डबा ओढून काढला. व्याह्यांसाठी घेतलेले पेढे. डबा चेपला होता. तो मीच तिथे ठेवला होता, कारण मागे ठेवला असता तर दिलीपनं वाटेतच संपवला असता. ब्रेक दबत नाही तोवर मी जागची हलणार नाही, असं गाडी मघापासून सांगत होती, आणि मी पेचकसानं तिचं तोंड बंद केलं होतं.

"बाबूजी," पटले शांतपणे म्हणाले, "धक्का तो आप मना कर रहे थे."

मग नव्या साडीत कुंदा, कडक इस्त्रीत मी आणि पोट धरून हसणारा दिलीप, असे तिघे पटलेंचं धान गोळा करत बसलो. ढीग पूर्ववत होईपर्यंत पटलेंनी आम्हाला सोडलं नाही, आणि ढीग कसा हवा हेही त्यांनीच ठरवलं. नंतर गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा पडला. दिलीप चालवायला बसला. मला कोणी विचारलं नाही.

किरनापूरला अंगठी वेळेत बोटात गेली. जेवताना व्याही माझ्याजवळ सरकले. "तुमाले ऑटोमॅटिकचं लय समजते म्हणे. पोराले घ्याची हाय. कशी असते?"

कुंदानं वाढता वाढता हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"सोपी असते," मी म्हणालो. "आपण काही केलं नाही तर बराबर चालते."

गाड्यांवर मी आजवर दिलेल्या सल्ल्यांपैकी, अनुभवातून आलेला हा पहिलाच.