शेजारणीच्या सुनेची दुपटी

देवगडच्या बंदरात मी होडीत चढताना आई एवढंच म्हणाली, "बरा-वायट काय ता सगळा लिहीत जा गो." होडी बोटीला लागेपर्यंत ती तिथेच उभी होती. माझ्या लग्नाला तेव्हा महिना झाला होता.

मुलुंडच्या चाळीत वर्षभरात मला दिवस गेले. तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगू नये, म्हणून आईलाही कळवलं नव्हतं. तिसऱ्यातच ते गेलं. जे आहे म्हणून सांगितलं नव्हतं, ते गेलं म्हणून कसं लिहायचं? गाव सोडून आलेल्या आम्ही बायका 'इकडे सर्व क्षेम' लिहायचो, तसंच मीही लिहिलं.

शेजारच्या सुमतीबाईंकडे रेडिओ होता. बुधवारी दुपारी त्यावर एका कुटुंबाची श्रुतिका लागायची. मी निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी बसायची. त्या कुटुंबातल्या सुनेला दिवस गेले होते. तिचे डोहाळे, सासूची बडबड ऐकताना अर्धा तास बरा जायचा, कारण तेवढा वेळ काळजी दुसऱ्या कुणाचीतरी असायची. पत्रात मी तिचंच लिहू लागले. शेजारणीच्या सुनेला चिंच लागते, शेजारणीच्या सुनेचे पाय सुजलेत.

आई उत्तरात तिची चौकशी करायची. मग गावच्या एका माणसाबरोबर बोचकं आलं. आत अळीव आणि जुन्या लुगड्याची शिवलेली चार दुपटी. हिरवं लुगडं मी ओळखलं, मला बोटीवर सोडायला आली तेव्हा आईने तेच नेसलं होतं. श्रुतिका तोवर संपूनही गेली होती. मला फार लाज वाटली. दुपटी ट्रंकेत तळाशी ठेवली.

दोन वर्षांनी बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा ती आईपुढे ठेवून सांगितलं, अशी कुणी सून नव्हती, रेडिओतली होती. आई उकडलेले कणगाचे कंद सोलत होती.

"दुसऱ्याच्या सुनेचा एवढा कोण लिहिता? तुझ्या पत्रात तू खंयच नाय होतंस," ती म्हणाली. "माका वाटला, तुकाच दिवस गेलेत. ती दुपटी तुकाच धाडलेली."

मग मी तिला सगळं सांगितलं. खूप रडले.

आता आई नाही, गावचं घरही विकलं. घर कुठलं विचारलं की मी मुलुंड सांगते. इथे टीव्हीवर रोज मालिका चालतात आणि माझी सून फोनवर तिच्या आईला त्यांच्या गोष्टी सांगते. ती फार दिवस त्याच सांगत राहिली, की मी टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसते आणि विचारते, तुझं काय चाललंय गं?